कराराची किंमत आणि करदात्याची वही

'करार' हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीच्या वाटेने आला आणि 'कर' हा संस्कृतातून. दोहोंचे कूळ निराळे. परंतु इतिहासात हे दोन शब्द वारंवार एकाच घरात नांदताना दिसतात. करारावर स्वाक्षरी करणारे पक्ष दोन असोत वा दोनशे, त्याचा भार वाहणारा करदाता स्वाक्षरीच्या वेळी दालनात उपस्थित नसतो. त्याला कराराची वार्ता कळते ती पुष्कळ उशिरा, बहुधा वसुलीच्या रूपाने आणि तीही निराळ्याच नावाखाली.

गेल्या तीन दशकांत जगातील राष्ट्रांनी पृथ्वीच्या हवामानाविषयी जे करार केले, त्यांच्या खर्चासंबंधी दोन टोकांची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो की, हे सारे करार म्हणजे सामान्य करदात्याच्या खिशाला लावलेली कात्री होय. दुसऱ्या पक्षाला पैशाचा प्रश्न काढणेच क्षुद्रपणाचे वाटते. पृथ्वीच संकटात असताना रुपये-आणे कसले मोजता, असा त्याचा सवाल असतो. आम्हांला या दोन्ही भूमिका अपुऱ्या वाटतात. कराराची किंमत अवश्य मोजली पाहिजे. मात्र ती केवळ रकमेने मोजून भागत नाही. घेतलेला पैसा कोणत्या खात्यात गेला, त्याची वही कोणाच्या हाती राहिली आणि ती करदात्याला पाहता आली काय, या प्रश्नांवर कराराचे खरे मोल ठरते. हे विधान केवळ तर्काचे नव्हे. हैदराबादच्या इतिहासात त्याला दोन उत्तम दाखले आहेत आणि तिसरा आपल्या डोळ्यांदेखत घडून गेला आहे.

पहिला दाखला वऱ्हाडचा. १८०० साली निजाम आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात झालेल्या तहान्वये युद्धप्रसंगी निजामाने ६,००० पायदळ आणि ९,००० घोडदळ कंपनीच्या साहाय्यास द्यावे, असे ठरले होते. शांततेच्या काळातही इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची फौज कायमची पोसावी, असे कलम त्यात नव्हते. तरीही रेसिडेंट हेन्री रसेल याच्या काळात तशी फौज उभी राहिली, वाढत गेली आणि पुढे 'हैदराबाद कंटिंजंट' या नावाने राज्याच्या तिजोरीवर कायमची बसली. तिचा खर्च वर्षाला सुमारे ४० लाख रुपयांवर गेला. पगार भागेनात, म्हणून दिवाण चंदुलालच्या कारभारात पामर आणि कंपनी या पेढीकडून शेकडा २५ पर्यंत व्याजाने कर्जे काढण्यात आली. पुढे थकबाकी थेट कंपनी सरकारचीच झाली. अखेर २१ मे १८५३ रोजी, डलहौसीच्या कारकिर्दीत, वऱ्हाड, धाराशिवकडचा मुलूख आणि रायचूर दुआब हे प्रदेश फौजेच्या खर्चासाठी इंग्रजांकडे सोपवावे लागले.

मराठी वाचकाला या तहातील प्रदेश परके नाहीत. अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ येथील कुणब्याने भरलेला शेतसारा त्या दिवसापासून एका अशा फौजेसाठी खर्च होऊ लागला की, जिच्याविषयी मूळ करारात अवाक्षर नव्हते. तरी त्या तहात एक सोय होती. सोपवलेल्या मुलुखाच्या वसुलाचा हिशेब दरवर्षी निजाम सरकारला सादर करावा आणि खर्च वजा जाता उरेल ती शिल्लक परत द्यावी, असे त्यात नमूद होते.

१८५७ नंतर, १८६० साली नवा तह झाला. त्याने धाराशिव आणि रायचूर दुआब परत मिळाले, सुरापूरचे संस्थान निजामाला दिले गेले आणि सुमारे ५० लाखांचे कर्जही माफ झाले. वरकरणी हा तह उदारच म्हणावा लागेल. परंतु याच तहाने वऱ्हाडचा हिशेब दाखवण्याचे बंधन काढून टाकले. शिल्लक उरल्यास द्यायची हे कायम राहिले. मात्र शिल्लक उरली की नाही हे ठरवणारा आणि ती देणारा एकच झाला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, कापसाचे भाव गगनाला भिडले, खामगावची बाजारपेठ गजबजली, वऱ्हाडचा वसूल वाढला. त्याबरोबर कारभाराचा खर्चही वाढत गेला आणि हैदराबादच्या हाती शिल्लक अल्पच आली. पहिल्या सालारजंगांनी वऱ्हाड परत मिळावे म्हणून आयुष्यभर प्रयत्न केले, १८७६ साली विलायतेस जाऊन आले. पण वही उघडली नाही. १९०२ साली लॉर्ड कर्झनने वर्षाला २५ लाख रुपये खंडाने वऱ्हाड कायमचे पट्ट्याने घेतले आणि हिशेबाचा प्रश्नच मिटवला.

आमच्या मते वऱ्हाडचा खरा तोटा १८५३ पेक्षा १८६० साली झाला. प्रदेश गेला तो पहिल्या तहात. विचारण्याचा अधिकार गेला तो दुसऱ्यात. आणि दुसऱ्या वेळी कर्जमाफीच्या आनंदात ते फारसे कोणाच्या लक्षातही आले नाही.

दुसरा दाखला आपल्या विषयाच्या अधिक जवळचा, कारण तो कोळशाचा आहे. भारतीय भूगर्भ सर्वेक्षण विभागाचे डॉ. विल्यम किंग यांना १८७१ च्या सुमारास येल्लंदूच्या परिसरात दगडी कोळसा आढळला. कोळसा म्हटला की आगगाडी आली, आणि आगगाडी म्हटली की भांडवल आले. वाडीहून सिकंदराबादपर्यंतचा लोहमार्ग १८७४ साली सुरू झालेला होताच; तो पुढे कोळशाच्या प्रदेशाकडे आणि चांद्याच्या दिशेने न्यावा, अशी योजना लंडनच्या भांडवलदारांशी वाटाघाटी करून आखण्यात आली. तिच्यात राज्याच्या तिजोरीने कंपनीच्या भांडवलावर वीस वर्षे शेकडा पाच व्याजाची हमी घ्यायची होती. गाडी नफ्यात चालो वा तोट्यात, लंडनच्या भागधारकाला त्याचे पाच टक्के मिळणार. उणे पडेल ते औरंगाबादपासून वरंगळपर्यंतची रयत भरणार.

सालारजंगांचा मृत्यू फेब्रुवारी १८८३ मध्ये झाला आणि त्याच वर्षी या योजनेविरुद्ध हैदराबादच्या सुशिक्षितांनी आवाज उठवला. डॉ. अघोरनाथ चट्टोपाध्याय आणि मुल्ला अब्दुल कय्यूम हे त्यात अग्रभागी होते. हैदराबादच्या सार्वजनिक जीवनातील हे पहिले आंदोलन मानले जाते. त्यांची मागणी काय होती, हे लक्षात घेण्याजोगे आहे. रेल्वे नको, असे त्यांचे म्हणणे नव्हते. योजनेचा तपशील लोकांसमोर ठेवा, तिचा भार किती हे आम्हांला पाहू द्या आणि मग निर्णय करा, एवढेच ते मागत होते. या मागणीचे फळ म्हणून अघोरनाथांना नोकरीवरून दूर करून राज्याबाहेर घालवण्यात आले. सरोजिनी नायडू त्या वेळी चार वर्षांच्या होत्या. पुढे अघोरनाथांना परत येऊ देण्यात आले, परंतु करार व्हायचा तो झालाच. निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे कंपनी अस्तित्वात आली. आधी राज्याच्या पुढाकाराने उभा राहिलेला वाडीचा मार्गही तिच्याकडे गेला. चांद्याकडची जोडणी, म्हणजे काझीपेठ ते बल्लारशा हा मार्ग, पूर्ण व्हायला विसाव्या शतकाचे तिसरे दशक उजाडावे लागले, आणि १९३० साली राज्याने पैसे मोजून ही रेल्वे कंपनीकडून विकत घेतली.

खाणींच्या सवलतीचे प्रकरण तर याहून वाईट निघाले. १८८६ साली विलायतेत हैदराबाद (डेक्कन) कंपनी स्थापन झाली. तिच्या भागांपैकी बहुतांश सवलतदारांनी रोख पैसा न भरता आपल्याच नावे करून घेतले आणि त्यांतील काही चढ्या भावाने निजाम सरकारच्याच गळ्यात मारले. वाटाघाटी करणारे सरदार अब्दुल हक यांचाच त्यात हात असल्याचे उघड झाले. १८८८ साली ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीपुढे हे प्रकरण गेले, तेव्हा कोठे हैदराबादच्या लोकांना आपल्या कोळशाच्या कराराचा मजकूर कळला. अघोरनाथांनी पाच वर्षांपूर्वी जे कागद मागितले होते, त्यांच्याच जातीचे कागद लंडनमध्ये छापून निघाले! याच कंपनीच्या पोटातून १९२० साली सिंगरेणी कॉलरीज कंपनी निघाली. १९४५ मध्ये निजाम सरकारने तिचे बहुसंख्य भाग घेतले. आज तिचे ५१ टक्के भाग तेलंगण राज्याकडे आणि ४९ टक्के केंद्राकडे आहेत.

या दोन्ही दाखल्यांची शिदोरी घेऊन आता हवामानाच्या करारांकडे वळू. कोळसा जाळल्याने निघणारा कर्बवायू वातावरणात साठत जातो आणि पृथ्वीचे तापमान वाढवतो, हे शास्त्रज्ञांनी निःसंदिग्धपणे दाखवून दिल्यावर १९९२ साली रिओ येथे हवामान बदलाविषयीचा आराखडा करार झाला. भारताने त्यावर त्याच वर्षी स्वाक्षरी केली आणि १९९३ मध्ये त्याला मान्यता दिली. जबाबदारी सर्वांची समान, पण प्रत्येकाचा वाटा निराळा, हे त्याचे मुख्य तत्त्व. ज्यांनी दीडशे वर्षे धूर सोडला त्यांनी आधी आणि अधिक द्यावे, हा साधा न्याय त्यामागे होता.

१९९७ च्या क्योटो करारात म्हणूनच उत्सर्जन घटवण्याचे बंधन केवळ विकसित देशांवर आले. आणि तेथेच करदात्याचा प्रश्न पहिल्यांदा जोरात उभा राहिला. क्योटोच्या आधीच, जुलै १९९७ मध्ये, अमेरिकेच्या सेनेटने ९५ विरुद्ध शून्य मतांनी ठराव केला की, विकसनशील देशांवर बंधन नसेल किंवा अमेरिकी अर्थव्यवस्थेला गंभीर हानी होणार असेल, तर असा करार करू नये. कॅनडाने करार मान्य केला, उद्दिष्ट गाठले नाही आणि डिसेंबर २०११ मध्ये तो सोडत असल्याचे जाहीर केले. करारात राहिल्यास सुमारे १४ अब्ज कॅनेडियन डॉलरचा भुर्दंड पडेल, असे तेथील पर्यावरणमंत्र्यांनी सांगितले. या भूमिका आम्हांला मान्य नाहीत. परंतु एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्या देशांत कराराची किंमत किती, हा वाद स्वाक्षरीच्या आगेमागे उघडपणे झाला. आकडा फुगवलेला असेल, पण तो मांडला गेला.

आपल्याकडे असा वाद झाला नाही, कारण कागदावर आपल्याला काही द्यायचेच नव्हते. उलट क्योटोच्या तरतुदीनुसार धुळे-साताऱ्याकडच्या पवनचक्क्यांसारख्या प्रकल्पांना कर्ब-पत्रे विकून चार पैसे मिळण्याची सोय झाली होती. २००८ मध्ये एका टनाच्या पत्राला वीस युरोंच्या आसपास भाव होता. २०१२ अखेर तो एका युरोच्याही खाली कोसळला. २००९ साली कोपनहेगनमध्ये श्रीमंत राष्ट्रांनी २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करण्याचे वचन दिले. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्याच आकडेवारीनुसार ते प्रथम पाळले गेले २०२२ मध्ये, आणि त्यातील सरकारी रकमेचा मोठा हिस्सा कर्जरूपाने होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये बाकू येथे २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरचे नवे उद्दिष्ट ठरले, तेव्हा भारताच्या प्रतिनिधींनी ते तोकडे असल्याचे भर सभेत सांगितले.

मग भारतीय करदात्याने काहीच दिले नाही काय? दिले, आणि चांगले घसघशीत दिले. मात्र ते हवामानाचे म्हणून त्याला ओळखू आले नाही. कोपनहेगननंतर अवघ्या दोन-अडीच महिन्यांत, फेब्रुवारी २०१० च्या अंदाजपत्रकात, अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांनी कोळशावर टनामागे ५० रुपयांचा स्वच्छ ऊर्जा उपकर जाहीर केला. प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी, हे त्यामागचे तत्त्व, आणि त्यातून राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी उभारायचा, हा उद्देश. हा उपकर २०१४ मध्ये १००, २०१५ मध्ये २०० आणि २०१६ मध्ये ४०० रुपयांवर गेला. सहा वर्षांत आठपट! पॅरिस करारापूर्वी, २०१५ साली, भारताने जगासमोर जो संकल्प सादर केला, त्यात हा उपकर आपल्या स्वतःच्या प्रयत्नांचा पुरावा म्हणून मानाने नोंदवलेला आहे.

याचा घरगुती हिशेब असा. एक युनिट वीज निर्माण करण्यास साधारण ६५० ग्रॅम कोळसा लागतो, असे धरू. टनाला ४०० रुपये म्हणजे किलोला ४० पैसे. तेव्हा युनिटमागे २६ पैसे झाले. महिन्याला २०० युनिट वापरणाऱ्या कुटुंबाची तीन चतुर्थांश वीज कोळशाची मानली, तर दरमहा सुमारे ३९ रुपये. रक्कम मोठी नाही. तेवढ्यात दोन-तीन कप चहाही होतो न होतो. पण सिंगरेणीचे उत्पादन अलीकडे वर्षाला सुमारे ७ कोटी टन आहे. त्यावर टनामागे ४०० रुपये म्हणजे एका कंपनीच्या कोळशातून वर्षाला २,८०० कोटी रुपये. यात आणखी एक मेख आहे. आंध्र प्रदेशात २००४ पासून आणि पुढे तेलंगणात शेतीची वीज मोफत आहे. तिचे पैसे राज्याची तिजोरी वीज कंपन्यांना देते. म्हणजे शेतकऱ्याच्या मोटारीला लागणाऱ्या कोळशावरचा उपकर केंद्राच्या खात्यात जमा होत होता आणि भरत होते राज्य. ज्या शेतकऱ्याला वीज फुकट आहे असे आपण म्हणतो, त्याच्याही नावाने हवामानाचा हप्ता जात होता.

आता वहीचे पुढचे पान. २०१०-११ ते २०१७-१८ या काळात कोळशावरच्या उपकरातून सुमारे ८६,४४० कोटी रुपये गोळा झाले. त्यांपैकी स्वच्छ ऊर्जा निधीत वर्ग झाले सुमारे २९,६०० कोटी आणि प्रकल्पांवर प्रत्यक्ष खर्ची पडले सुमारे १५,९०० कोटी. शंभर रुपये घेतले, चौतीस खात्यात पोहोचले, अठरा कामी आले. बाकीचे सर्वसाधारण महसुलात मिसळून गेले. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, तेव्हा हा उपकर त्या नावाने संपला आणि टनामागचे तेच ४०० रुपये राज्यांच्या महसुली नुकसानीच्या भरपाईसाठी घेतले जाऊ लागले. करोनाच्या साथीत, २०२० ते २०२२ या दोन आर्थिक वर्षांत, राज्यांना भरपाई देण्यासाठी केंद्राने सुमारे २ लाख ६९ हजार कोटींचे कर्ज काढले. ते फेडण्यासाठी उपकराची मुदत वाढवण्यात आली. पृथ्वी थंड ठेवण्यासाठी लावलेला कर महामारीचे कर्ज फेडता फेडता थकला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो कोळशावरून उठला. त्याच दिवशी कोळशावरील वस्तू व सेवा कर ५ वरून १८ टक्के झाला.

हा बदल वरून सरळ दिसतो. पण तेरा टक्क्यांची वाढ आणि ४०० रुपयांची सूट यांची बरोबरी टनाला सुमारे ३,०७७ रुपये भावाला होते. त्याहून स्वस्त कोळशावरचा भार घटला, महाग कोळशावरचा वाढला. सिंगरेणीचा कोळसा कोल इंडियाच्या कोळशाहून सहसा महागच पडतो. त्यातून वीज ही वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर असल्यामुळे वीज कंपनीला या कराची वजावट मिळत नाही. तो जसाच्या तसा दरात उतरतो. एवढे मात्र खरे की, नव्या कराचा अर्धा हिस्सा राज्यांच्या वाट्याला येतो, आणि पूर्वीच्या व्यवस्थेपेक्षा हे बरे. परंतु त्यात हवामानाचे नावनिशाणही उरलेले नाही.

शासकीय सेवेत हयात घालवलेल्या माणसाला लेखाशीर्षाचे महत्त्व सांगावे लागत नाही. पैसा एका शीर्षातून दुसऱ्यात गेला की, तो हरवत नाही. हरवतो तो प्रश्न. 'या पैशाचे काय केलेत?' असे विचारायला आधी तो पैसा कोठे तरी एका ठिकाणी दिसावा लागतो. १८६० च्या तहाने वऱ्हाडच्या बाबतीत जे केले, ते येथे कोणा परक्या सत्तेने केले नाही. आपल्याच निवडलेल्या संसदेने, एकामागून एक आलेल्या सरकारांनी, नियमाला धरून केले. म्हणूनच ते अधिक विचार करण्याजोगे आहे.

या निधीतून काही चांगले झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. अक्षय ऊर्जा मंत्रालयाच्या योजनांना त्याचे साहाय्य झाले. २०१० च्या सुमारास सौर विजेचा दर युनिटला सतरा-अठरा रुपये होता; डिसेंबर २०२० मध्ये एका लिलावात तो दोन रुपयांच्याही खाली आला. यात जागतिक बाजाराचा हात मोठा असला, तरी सरकारी आधाराचाही वाटा आहे. जून २०२५ पर्यंत देशाच्या स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी जीवाश्म इंधनाविना झाली. पॅरिस करारानुसार हे उद्दिष्ट २०३० चे होते. उरलेले सत्तर हजार कोटीही याच कामी आले असते तर काय झाले असते, हा प्रश्न मात्र राहतोच.

करार केला नसता तर करदाता सुटला असता काय? हैदराबादच्या माणसाने याचे उत्तर मुसेच्या काठी उभे राहून द्यावे. २८ सप्टेंबर १९०८ च्या पुराने या शहरातील हजारो माणसे नेली. अंदाज पंधरा हजारांपर्यंत जातो. त्यानंतर विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने उस्मानसागर आणि हिमायतसागर बांधले गेले, १९१२ साली नगर सुधारणा मंडळ निघाले. हा सारा खर्च करदात्याने केला, पण त्याची वस्तू डोळ्यांसमोर उभी राहिली आणि दोन पिढ्यांनी तिचे पाणी प्यायले. तो पूर काही कोळशाच्या धुराने आणलेला नव्हता. पण तापलेल्या हवेत बाष्प अधिक मावते आणि पाऊस अधिक धसमुसळा होतो, हे शास्त्र आता सर्वमान्य आहे. ऑगस्ट २००० आणि ऑक्टोबर २०२० मध्ये या शहराने अतिवृष्टी म्हणजे काय ते पुन्हा पाहिले.

जुन्या हैदराबाद राज्यातल्याच मराठवाड्यात दुसरे टोक दिसते. परळीचे औष्णिक वीज केंद्र २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये बंद पडले. कोळसा होता; खडका धरणात पाणी नव्हते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, एकेका खेपेत २५ लाख लिटरपर्यंत. प्रत्येक दुष्काळ हवामान बदलानेच आला, असे कोणी म्हणू नये. तरीही टँकर, चारा छावण्या, पीकविमा, नुकसानभरपाई यांचा खर्च कोणत्याही आंतरराष्ट्रीय करारात लिहिलेला नसतो आणि तो न चुकता याच करदात्याच्या माथी येतो. करार टाळल्याने भरणा टळत नाही. फक्त पावती मिळत नाही.

या शहराला जागतिक पर्यावरण कराराचे यजमानपदही एकदा लाभले होते. ऑक्टोबर २०१२ मध्ये रिओच्याच दुसऱ्या कराराची, म्हणजे जैवविविधता कराराची, अकरावी परिषद हैदराबादेत भरली. पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी तेथे ५ कोटी डॉलरचे वचन दिले. 'हैदराबाद संकल्प' या नावाने ते ओळखले जाते. परिषदेसाठी रस्ते सजले, पाहुणे आले, वृत्तपत्रे भरून गेली. त्या संकल्पाचे पुढे काय झाले, हे मात्र आमच्या परिचयातील चांगल्या वाचणाऱ्या मंडळींपैकीही कोणास सांगता आले नाही.

हिशेबाची ही उदासीनता आता आपल्याला रोख किमतीला पडण्याची वेळ आली आहे. १ जानेवारी २०२६ पासून युरोपीय संघाने आपल्या सीमेवर कर्बाचे मोल वसूल करण्याची व्यवस्था पूर्णांशाने लागू केली. बाहेरून येणारे पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट यांच्या निर्मितीत जेवढा कर्बवायू सुटला, त्याचा आकार तेथील आयातदाराला द्यावा लागतो. मूळ देशात कर्बाचे मोल प्रत्यक्ष भरलेले आहे असे दाखवता आले, तर तेवढी वजावट मिळते. भारताने या व्यवस्थेस आक्षेप घेतला आहे आणि तो आम्हांला रास्त वाटतो. श्रीमंतांनी वचन दिलेला पैसा द्यायचा नाही आणि गरिबांच्या मालावर मात्र कर बसवायचा, हे रिओच्या तत्त्वाशी जुळत नाही. पण आक्षेप घेताना आपल्या हाती काय आहे? पंधरा वर्षे आपण कोळशावर कर भरला. जगात फार थोड्या विकसनशील देशांनी एवढा भरला असेल. त्याचे नाव आपणच पुसले, त्याचा निधी आपणच मोडला. नावनिशाणी नसलेला कर युरोपच्या दारात दाखवणार कसा? जो पैसा भारताच्या तिजोरीत राहू शकला असता, तो पुन्हा एकदा समुद्रापलीकडे जमा होण्याचा हा संभव आहे.

यावर उपाय फार अवघड नाही. केंद्राच्या आणि राज्याच्या अंदाजपत्रकाबरोबर एक साधे विवरणपत्र जोडावे. हवामानाच्या नावाने किंवा कोळशावर जो कर घेतला तो किती, त्यातून कोणत्या कामावर किती खर्च झाला, शिल्लक कोठे आहे, आणि पूर-दुष्काळावर त्याच वर्षी किती गेले, असे चार रकाने पुरेत. त्यात पाचवा रकाना कोळशाच्या गावांचा असावा. येल्लंदू, कोत्तागुडेम, मंचेरियल येथली आणि सीमेपलीकडे चंद्रपूर-बल्लारपूरची हजारो कुटुंबे ज्या दिवशी खाणी मिटतील त्या दिवशी काय करतील, याची तरतूद त्या निधीतून व्हायला हवी होती. शंभर वर्षांहून अधिक काळ ज्यांनी जमिनीखाली उतरून राज्याची चूल पेटती ठेवली, त्यांच्या उद्याच्या भाकरीची तजवीज हा कराराच्या किमतीचाच भाग होय.

अघोरनाथांना राज्याबाहेर काढले, तरी त्यांनी विचारलेला प्रश्न काढता आला नाही. पाच वर्षांनी तो पार्लमेंटात उपस्थित झाला. आज हा प्रश्न विचारणाऱ्याला कोणी हद्दपार करीत नाही. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हाती आहे, विधिमंडळ आहे, महालेखापरीक्षकांचे अहवाल आहेत. वीजबिल हातात आल्यावर आकार पाहून हळहळणारे आपण पुष्कळ आहोत. त्या आकारातले कोळशाचे पैसे कोठे गेले, असे लेखी विचारणारे शंभर जण निघाले, तरी वहीची पुढची पाने कोरी राहणार नाहीत.